सावडीचे हात, सोसायटीचा शिक्का

डोंगरउतारावरच्या एखाद्या तुकड्याचं भातखाचर करायचं तर आधी दगड फोडावे लागतात. ते वाहून आणून खालच्या अंगाला ताल रचावी लागते, वरच्या अंगाची माती खणून खाली ओढावी लागते आणि ती इतकी सपाट करावी लागते की आषाढातलं पाणी चारही कोपऱ्यांत सारखं उभं राहील. नवरा-बायको आणि दोन पोरं मिळून हे करायला बसली तर उन्हाळ्यामागून उन्हाळे जातील. म्हणून आंबेगाव, जुन्नर आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आदिवासींनी हे काम कधी एकट्यादुकट्यानं केलंच नाही. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. मजुरी नाही, ज्याचं रान त्याच्या घरचं जेवण, आणि आलेल्या हाताची परतफेड हातानंच. या रीतीला तिथे पडकई म्हणतात. सावड, इर्जिक, वारंगुळा या नावांनी उरल्या महाराष्ट्राला जी माहीत आहे, त्याच कुळातली ही रीत.

चिंचवडपासून हा मुलूख लांब नाही. नाशिक रस्त्यानं भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, मग डावीकडे वळून घोडेगाव आणि डिंभे. वाटेत चाकणची वाहतूक नडली नाही तर दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. पण या अडीच तासांत दोन वेगळे काळ शेजारी नांदतात. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आली, पुढे चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन आले, आणि 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर गेली. त्या गर्दीत भोसरी, दिघी, मोशीच्या चाळींमधून जुन्नर-आंबेगाव-खेडची माणसं मोठ्या संख्येनं आहेत. कंत्राटी कामगार म्हणून पाळी करणारा तरुण जुलैत चार दिवसांची रजा टाकून भाताच्या आवणीला गावी जातो, हे इथल्या सुपरवायझरांनाही आता पाठ झालं आहे.

अशा डोंगरी, जमातीच्या शेतीचं नव्या जगात काय होतं, हा प्रश्न फक्त सह्याद्रीचा नाही. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया, पेरू आणि चिलीच्या सीमा जिथे भिडतात त्या उंच पठारावर, समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरवर असलेल्या टिटिकाका सरोवराच्या आसपास, आयमारा लोक राहतात. बटाटा आणि किन्वा ही त्यांची पिकं. जूनमधल्या गोठवणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं करून वर्षानुवर्षं टिकणारा चुन्यो ते बनवतात. आणि त्यांच्याकडेही पडकईची सख्खी बहीण आहे. आयनी नावाची: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. जमीन कसायची ती आय्यू या भावकीच्या ठरावानं. कुठल्या उतारावर यंदा बटाटा, कुठे किन्वा, कोणता उतार काही वर्षं पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवतं. गावाचा कारभारही कुटुंबांमध्ये पाळीपाळीनं फिरतो.

या दोन्ही ठिकाणांचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. परंपरा आणि आधुनिकता यांचा तोल साधायचा असं आपण सहज म्हणतो, आणि डोळ्यांसमोर एका पारड्यात नांगर, दुसऱ्यात ट्रॅक्टर येतो. प्रत्यक्षात नव्या जगाकडून या शेतकऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो यंत्राचा नाही. उपयोग झाला तो नोंदणीचा, हक्काच्या कागदाचा आणि ठरलेल्या भावाचा. सावडीचे हात त्यांच्याकडे आधीपासून होते. सोसायटीचा शिक्का नव्हता.

डिंभे धरणाची गोष्ट यासाठी नीट पाहायला हवी. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी, आणि जलाशयाला नाव दिलं आहे हुतात्मा बाबू गेनूंचं, कारण 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी मालाच्या लॉरीखाली प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. धरणाचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेलं. तिथे ऊस झाला, कांदा झाला, पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की जे चित्र उभं राहतं ते सगळं या पूर्व आंबेगावात आहे.

पश्चिमेला काय झालं? डोंगरांच्या मधली सपाट, कसदार खाचरं, म्हणजे पिढ्यानपिढ्या पडकईनं घडवलेली जमीन, पाण्याखाली गेली. माणसं वर सरकली आणि उतारावर आली, जिथे वरई-नाचणीपलीकडे फारसं काही पिकत नाही. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, आणि एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे. खाली मैलोन्‌मैल पाणी पसरलेलं दिसतं, पण ते आपलं नाही. पुनर्वसनाच्या कागदांवर या दुःखाला रकाना नसतो.

इथे ‘शाश्वत’ या संस्थेनं काम उभं केलं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं या खोऱ्यातल्या महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांसोबत घालवली. धरणानंतर उरलेल्या गोष्टींतून जगणं कसं उभं करायचं, यावर त्यांनी लोकांबरोबर जे मार्ग काढले ते फार शहाणे होते. पहिला गाळपेरीचा. उन्हाळ्यात जलाशय आटत जातो तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते. बुडालेल्या शेताचाच तो भाग असतो. सरकारी नियमांनी ती भाड्यानं कसता येते. ज्यांची जमीन गेली त्यांनाच ती मिळावी, त्यांनी गट करून तिच्यावर पीक घ्यावं, यासाठी लोक भांडले आणि त्यांनी ती मिळवली.

दुसरा मार्ग माशांचा. नावात कोळी असलं तरी महादेव कोळी ही समुद्रावरची जमात नव्हे. ते डोंगरातले शेतकरी. अथांग पाण्यात होडी घालणं, जाळी विणणं, रोहू-कटला-मृगळाची बोटुकली सोडणं, पिंजऱ्यात मासे वाढवणं, हे सगळं त्यांनी नव्यानं शिकून घेतलं. जलाशयातली मासेमारी ठेक्यानं जाते. ठेका बाहेरच्या व्यापाऱ्यानं घेतला की ज्याचं घर या पाण्याखाली आहे तोच माणूस चोरून मासे धरणारा ठरतो. म्हणून आदिवासींची मच्छीमार सहकारी सोसायटी नोंदवणं हे या कामातलं सर्वांत मोठं पाऊल म्हणावं लागेल. पाण्यावरचा हक्क संस्थेच्या नावे आला तेव्हा शिकलेल्या कौशल्याला बाजारात किंमत आली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार 2012 साली ‘शाश्वत’ला मिळाला.

तिसरा मार्ग पडकईचाच, आणि तो सगळ्यांत अवघड होता. उतारावर पुन्हा खाचरं घडवायची तर गावाला महिना-दोन महिने त्या कामात घालवायला हवेत. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात धान्य नसतं त्यांना हे परवडत नाही. ते नारायणगाव-मंचरच्या बागायती भागात मजुरीला जातात, नाहीतर चाकण-भोसरीची वाट धरतात. फुकट दिलेले हात परत मिळतील, पण आज चूल कशी पेटवायची? रीत मोडते ती अशी, लोकांनी ती विसरल्यामुळे नव्हे. यावर उपाय निघाला तो रोजगार हमीच्या कामांत पडकईला जागा मिळवण्याचा. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या रानात ताल घालायची आणि तिची मजुरी मिळायची. शुद्ध परंपरेचा आग्रह धरणाऱ्याला यात काहीतरी हरवल्यासारखं वाटेल, कारण परतफेडीच्या जागी हजेरीपट आला. पण दगडाची ताल उभी राहिली, माती थांबली आणि वरईच्या जागी भात आला. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांचा हिशेब बरोबर होता.

इथे यंत्राविषयी एक शब्द सांगायला हवा, कारण हल्ली जेसीबीनं दोन दिवसांत खाचर पाडून मिळतं. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते तसं करतातही. पण डोंगरावर मातीचा वरचा थर वीतभरही नसतो. बेतानं काम न केल्यास यंत्र तो थर तळाला गाडतं आणि खालचा मुरूम वर आणतं. हातानं काम करणारी माणसं वरची काळी माती आधी बाजूला काढतात, खाली सपाटी करतात आणि मग ती परत पसरतात. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नसून त्या कामात आहे, आणि काम थांबलं की एका पिढीत जातं.

भाताइतकाच या पट्ट्याचा दुसरा आधार म्हणजे हिरडा. उन्हाळ्यात बाळहिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा आणि विकायचा. पावसाळ्याच्या तोंडावर बी-बियाणं, मीठ-मिरची, मुलांच्या वह्या यांना लागणारा रोख पैसा बहुतेक घरांत यातूनच येतो. त्रिफळ्यातलं हे एक फळ. औषधांबरोबर कातडी कमावण्यासाठी आणि रंगासाठीही त्याला मागणी. सावकार आणि व्यापारी ते कवडीमोलानं उचलत, म्हणून सरकारनं 1972 साली आदिवासी विकास महामंडळ स्थापलं, 1976 साली एकाधिकार खरेदीचा कायदा केला, आणि महामंडळाच्या वतीनं गावोगावच्या आदिवासी सहकारी संस्था खरेदी करू लागल्या. कल्पना उत्तम होती. तिचा जीव मात्र वेळेत आहे. खरेदी केंद्र वेळेवर उघडलं, पैसे हातोहात मिळाले, तर व्यापाऱ्यालाही भाव वाढवावा लागतो. केंद्र महिनाभर उशिरा उघडलं तर माल आधीच गेलेला असतो, कारण ज्याला आज पीठ आणायचं आहे तो थांबू शकत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळानं या डोंगरांतली हिरड्याची झाडं मोडली, आणि त्या भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना किसान सभेच्या झेंड्याखाली पुढची काही वर्षं आंदोलनं करावी लागली. भात गेलं तर पुढच्या वर्षी पेरता येतं. मोठं झालेलं हिरड्याचं झाड गेलं तर नातवापर्यंत वाट पाहावी लागते. पंचनाम्याच्या पद्धतीत हा फरक बसवणं हे संघटित माणसांनाच जमू शकतं.

जुन्नरच्या डोंगरापलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी वाणांचं बियाणं जमवलं, जपलं आणि वाटलं. 2018 साली बीबीसीच्या जगातल्या 100 महिलांच्या यादीत त्या आल्या आणि 2020 ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पण एकट्या राहीबाईंची ही कथा सांगितली की निम्मीच सांगितल्यासारखी होते. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला स्थापलेल्या ‘बायफ’ संस्थेनं या भागात देशी वाणांच्या संवर्धनाचं काम काढलं आणि त्यातून कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. आंबेमोहोर, रायभोग, काळभात, जिरवेल हे भात, वाल-घेवड्यांचे कितीतरी प्रकार, नाचणी, वरई: प्रत्येक वाण कोणाच्या घरचा, किती दिवसांत येतो, कशाला चांगला, याची नोंद झाली. मडक्यात राख घालून बियाणं ठेवण्याची बायकांची पद्धत आणि नोंदवहीत वाणाची ओळख लिहिण्याची शास्त्रज्ञांची पद्धत एकाच खोलीत आल्या.

या नोंदीला कायद्यातही वजन आहे. पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षणाचा 2001 चा कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क देतो. शिवाय शेतकऱ्यांचा वाण शेतकऱ्यांच्या नावे नोंदवण्याची सोय करतो. आजीच्या मडक्यातलं बियाणं आजीच्या गावाचं आहे हे सिद्ध करायला आता कागद आहे.

जुनं-नवं एकत्र येण्याचं उदाहरण चिंचवडच्या प्रत्येक स्वयंपाकघरातही आहे, फक्त ते तसं ओळखलं जात नाही. रोजचा इंद्रायणी तांदूळ हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला वाण. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून तो आला आणि 1987 साली प्रसारित झाला. एका बाजूला मावळातला सुवासिक जुना भात, दुसऱ्या बाजूला हरितक्रांतीचा बुटका, भरघोस वाण. इंद्रायणी आला म्हणून मावळच्या शेतकऱ्याला पैसा मिळाला, हे खरं. आणि इंद्रायणी सगळीकडे गेला म्हणून आंबेमोहोराची खाचरं आक्रसली, हेही तितकंच खरं. संशोधन केंद्राला उद्या नवा संकर करायचा असेल तर जुना वाण कुणीतरी पेरत राहायलाच हवा, आणि तो पेरणारा कमी उत्पन्नाचा तोटा स्वतःच्या खिशातून सोसत असतो. हा तोटा कोणी भरायचा, याचं उत्तर बाजाराकडे आजवर नव्हतं.

बाजार उत्तर देऊ लागला की काय होतं, हे आयमारा शेतकऱ्यांनी अनुभवलं. बोलिव्हियातल्या किन्वा उत्पादकांनी 1983 साली अनापकी ही आपली राष्ट्रीय संघटना उभारली आणि गरिबांचं धान्य म्हणून हिणवला गेलेला किन्वा परदेशी दुकानांत पोचवला. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे किन्वा वर्ष जाहीर केलं. बोलिव्हियाचे तेव्हाचे अध्यक्ष, स्वतः आयमारा असलेले एव्हो मोरालेस त्याचे विशेष दूत होते. भाव चढला. शहरात गेलेली पोरं ट्रॅक्टर घेऊन परतली, लामांच्या चराईचे माळ नांगरले गेले, पडीक ठेवायच्या जमिनीला विसावा मिळेना, आणि लामा घटल्यानं खतही घटलं. 2014 साली पेरूनं उत्पादनात बोलिव्हियाला मागे टाकलं, कारण तिथे समुद्रकाठच्या बागायती जमिनीतही किन्वा घेतला जाऊ लागला. लवकरच भाव निम्म्याहून खाली आला. माळाची माती मात्र भावाबरोबर परत आली नाही.

आपल्याकडे 2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. नाचणीची बिस्किटं आणि वरईचे डोसे चिंचवडच्या मॉलमध्ये मिळू लागले. ही चांगली गोष्ट आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. पण किन्व्याची कथा माहीत असलेल्यानं एवढं विचारावं की ही नाचणी आली कुठून? सपाटीवरच्या बागायतदारानं ती एकरांनी लावली तर डोंगरावरच्या शेतकऱ्याला तिच्या नव्या प्रतिष्ठेतून काहीच मिळणार नाही. पवनाथडी जत्रेत बचत गटांच्या बायका डोंगरचा माल घेऊन बसतात, शेतकरी आठवडे बाजारही शहरात भरतात; तिथे माल आणणारा गट कुठल्या गावचा, हे विचारण्याची सवय गिऱ्हाइकाला लागली तर त्या गावाला फरक पडतो. एखाद्या मोठ्या गृहसंकुलानं आवणीच्या आधीच काळभाताची किंवा रायभोगाची मागणी ठरलेल्या भावानं नोंदवली, तर वर म्हटलेला तोटा भरून निघण्याची सुरुवात तिथेच होते.

मग ही देवाणघेवाण सांभाळणारी संस्था कशी असावी? बोलिव्हियातली एल सेइबो या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. पठारावरून खालच्या आल्टो बेनी भागात वस्तीला गेलेल्या, बहुतांशी आयमारा कुटुंबांनी 1977 साली कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थांचा हा संघ स्थापला. आधी व्यापाऱ्याचा पाश सोडवला, मग सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलं, मग एल आल्टो शहरात स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. यंत्रं नवी, हिशेब नवा. पण कारभार जुन्या रीतीनं, पाळीपाळीचा. सभासद ठरावीक काळ कार्यालयात, कारखान्यात काम करत आणि पुन्हा शेतावर जात. यात कामाचा वेग कमी होतो हे खरं. पण हिशेबाची वही वाचता येणारी माणसं दरवर्षी वाढतात, आणि संस्था एका घराण्याची होत नाही. महाराष्ट्राच्या सहकाराला या दुसऱ्या गोष्टीची किती गरज होती, हे वेगळं सांगायला नको. पडकईत पाळी कोणाची हे गाव ठरवत असे. तीच शिस्त संचालक मंडळात आणणं डोंगरातल्या माणसांना परकं वाटणार नाही.

एक अडचण जुन्या रीतीतही होती आणि सोसायटीतही राहिली. बियाणं बायका जपतात, आवणी बायका करतात, हिरडा वेचून वाळवण्यातही त्याच पुढे. सातबारा मात्र पुरुषाच्या नावे, आणि विविध कार्यकारी सोसायटीचं सभासदत्व सातबाऱ्याला बांधलेलं. म्हणून कष्ट जिचे तिचं नाव सभासदांच्या यादीत नसतं. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात आलेल्या उत्पादक कंपनीच्या तरतुदीनं ही गाठ सोडवली आहे. दहा उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी नोंदवता येते. उत्पादक ठरायला जमिनीची मालकी लागत नाही, आणि मासे व वनोपजही शेतमालाइतकेच त्या व्याख्येत बसतात. व्यक्तींनी मिळून काढलेल्या अशा कंपनीत भाग कितीही असोत, मत एकच. डिंभ्याच्या पाण्यावर जाळं टाकणारा कातकरी, कोंभाळण्यात वालाचं बियाणं राखणारी बाई आणि आंबेगावातल्या आहुप्याकडे हिरडा वाळवणारी तिची मावसबहीण, तिघंही आज अशा कंपनीचे संस्थापक सभासद होऊ शकतात, सातबारा कोणाच्याही नावे असो.